अकरा दोनची फेरी

१

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता मॅडमनी खण उघडला, तेव्हा आत एक स्टेपलर, वाळलेले दोन मार्कर आणि एक रिकामं पाकीट एवढाच ऐवज होता. वही नव्हती. चाळीस मिनिटांपूर्वी त्यांनी ती तिथे स्वतः पाहिली होती आणि स्वतःच खणाला कुलूप घातलं होतं.

हे मला गुरुवारी सकाळी फोनवर कळलं, तेही अर्धं हुंदक्यांत बुडालेलं. फोन माझ्या भाचीचा होता. वय बत्तीस, पण घरात अजून ठमीच. ती ज्या कचेरीत काम करते तिथे चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्या आतून कशा असाव्यात हे ठरवतात. इंजिनाशी, चाकांशी त्यांचा संबंध नाही. आत बसलेल्या माणसाने कशावर टेकावं, त्याला काय दिसावं, काय ऐकू यावं आणि तो घाबरला तर गाडीने काय करावं, एवढंच त्यांचं काम. पुढची जागा रिकामी आणि स्टिअरिंग आपोआप वळतंय हे बघून भल्याभल्यांची बोबडी वळते. त्यांना धीर कसा द्यायचा यावर ही मंडळी दिवसरात्र डोकं खाजवतात. ठमीच्या वाट्याला गाडीचं बोलणं आलं होतं. गाडी काय बोलेल, कधी बोलेल आणि कधी तोंड बंद ठेवेल हे ती लिहायची, आणि सध्या आवाजही तिचाच होता.

मी एकतीस वर्षं एका विमा कंपनीत वाहन अपघातांचे दावे तपासले. उभ्या गाडीवर झाड पडलं म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन तिथे झाडच नाही हे बघून यायचं, असं ते काम. त्या नोकरीने मला पेन्शन दिली आणि माझा स्वभाव बिघडवला. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालायची सवयच मोडली. म्हणून ठमीने विचारलं, "आत्या, तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?" तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "येऊन बघते."

पलीकडे तिने नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. मला ते तेव्हाच जाणवायला हवं होतं, पण मी चपला शोधत होते.

२

मॅडम म्हणजे कचेरीच्या प्रमुख. कापलेले पांढरे केस, हातात कायम पेन्सिल आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी कोण, कशाला आले, हे ऐकून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना घरून दवाखान्यात नेण्यासाठी त्यांना अशा दोनशे गाड्या हव्या होत्या आणि आराखड्यावर शेवटचं हो किंवा नाही आज व्हायचं होतं. चारपर्यंत काय शोधायचं ते शोधा, असं मॅडम म्हणाल्या. तोवर वही मिळाली नाही तर ती कुणी गहाळ केली हे गिऱ्हाइकाला सांगावं लागेल, आणि सांगण्यासारखं नाव त्यांच्यापाशी एकच होतं.

या धंद्यात कचेऱ्या मोजक्या आणि सगळे एकमेकांना ओळखतात. असा ठपका ठेवून ठमीला काढलं असतं तर तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

आता वहीत एवढं काय होतं? चाचणीला बोलावलेले प्रवासी गाडीतून फेरी मारून उतरले की त्या जाड वहीत आपल्या हाताने लिहायचे, कशाची भीती वाटली, काय नकोसं झालं. नाव नाही, सही नाही, फोटो नाही, नक्कल काढायची नाही, असा त्यांना शब्द दिलेला. पडद्यावर बोट ठेवायला सांगितलं तर माणसं पाच चांदण्या देऊन मोकळी होतात, पेन हातात दिलं की खरं लिहितात, असा मॅडमचा अनुभव. वही वाचायचीही एक पद्धत होती. गाडी घडवणाऱ्या चौघांपैकी ज्याची पाळी त्यानेच वाचायची आणि गोषवारा काढायचा. बाकीच्यांनी तोवर ती उघडायची नाही, नाहीतर जो तो आपल्या कामावरची टीका शोधत बसतो.

या वेळी पाळी होती आसनं बनवणाऱ्या गृहस्थांची. त्यांना सगळे कुशनसर म्हणत. त्यांचा गोषवारा सोमवारी आला. चाळीस प्रवासी. आसनांबद्दल तक्रार दोघांची आणि गाडीच्या बोलण्याबद्दल तक्रार सतरा जणांची. तो वाचून ठमी सगळ्यांदेखत रडली. मंगळवारी मॅडमनी जाहीर केलं की गिऱ्हाइकाला मूळ वहीच बघायची आहे. बुधवारी वही नाहीशी झाली.

"तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं?" मॅडमनी विचारलं.

मीही तेच समजले होते. माझ्या डायरीत मी संशयितांची यादी केली तेव्हा पहिलं नाव भाचीचं लिहिलं.

मग मी जागा पाहून घेतली. मॅडमची काचेची खोली पुढच्या बोळाकडे तोंड करून आहे, तिथून कोण आलं, कोण गेलं ते सगळं दिसतं. ठमीचं टेबल हॉलच्या टोकाला, मागच्या दाराशेजारी, आणि वहीचा खण त्याच टेबलाचा. मागच्या दाराबाहेर पोर्च, तिथे चाचणीची खरी गाडी उभी असते. ती आवाराभोवतीच्या रस्त्यावर फेरी मारून परत येते. हॉलच्या मधोमध प्लायवूडची एक खोटी गाडी आहे, तिला खोका म्हणतात. ज्या सोयी अजून बनल्या नाहीत त्या खोक्यात तपासतात. प्रवासी आत बसतो आणि पडद्यामागून ठमी गाडी असल्यासारखी बोलते. बुधवारी पावणेअकरापासून ती पडद्यामागेच होती. यायचा प्रवासी अकरा तेवीसला उगवला. तोवर ती एकटी होती आणि तिला तिथे पाहिलेलं कुणी नव्हतं.

खणाची किल्ली तिच्या टेबलावरच्या पेन्सिलींच्या डब्यात असायची. हे तिला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं आणि मी दहा मिनिटांत तिथल्या झाडूवालीकडून काढून घेतलं. म्हणजे कुलूप होतं ते असावं म्हणून होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या पथ्यावर पडणारी होती. आराखडे बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकावर प्रत्येकाची पिशवी आणि खिसे तपासतात. वही बाहेर गेली नव्हती. टेबलं, कपाटं, गाडीच्या आसनांखालचे कप्पे, सगळं बुधवारीच उलटंपालटं करून झालं होतं. तरी ती इथेच, माझ्यापासून पन्नास पावलांत कुठेतरी होती.

३

पोर्चमध्ये गेले तर एक जाडजूड इसम चाकांच्या खुर्चीत उन्हाला बसलेला दिसला. मी नमस्कार केला. त्याने काही दाद दिली नाही. जवळ गेल्यावर कळलं की त्याला तोंडच नाही.

"ते भाऊसाहेब," मागून आवाज आला. बोलणारा मिस्त्री होता, गाडीची जोडतोड बघणारा. भाऊसाहेब म्हणजे कापडाचा, वाळू आणि कापूस भरलेला पुतळा. नवं आसन आधी त्याला बसवून बघतात. वजन बरोबर साठ किलो. मिस्त्री त्याला रोज सकाळी काट्यावर घालायचा आणि आज तो सहाशे ग्रॅम जास्त भरला म्हणून वैतागला होता. दमटपणा धरला असणार, असं म्हणून त्याने त्याला उन्हात ठेवलं होतं. साठ किलोंचं हे धूड एकटा कसा उचलतोस, असं मी विचारलं तर तो हसला. उचलावं लागतच नाही म्हणाला. गाडीचं आसन दाराबाहेर सरकतं, चाकांच्या खुर्चीला येऊन भिडतं, म्हाताऱ्या माणसाला नुसतं इकडून तिकडे सरकवायचं. ही कुशनसरांची करामत.

बुधवारी अकरा वाजता तू कुठे होतास, असं मी त्याला विचारलं. तो कार्यशाळेत होता, स्पीकरची पट्टी घासत. यंत्राच्या आवाजात त्याला बाहेरचं काही ऐकू आलं नाही. सोबत कानसेन होता. दोघं साडेअकरापर्यंत तिथेच.

कानसेन म्हणजे गाडीतलं संगीत आणि घंटानाद बघणारा तरुण. गळ्यात कायम हेडफोन. गाडीने बोलूच नये, नुसत्या सुरांनी सांगावं, असं त्याचं मत, त्यामुळे ठमीशी त्याचे खटके उडायचे. ठमीचं बोलणं बंद झालं तर सगळा मामला त्याच्या हाती येणार होता. मी विचारलं, साडेअकरापर्यंत तिथून हललास का? नाही म्हणाला. पण म्हणताना त्याने मिस्त्रीकडे पाहिलं आणि मिस्त्रीने पान्ह्याकडे.

मी काही बोलले नाही. गप्प बसलेल्या माणसासमोर खोटं फार वेळ टिकत नाही, हे मला नोकरीने शिकवलं. दोन मिनिटांत तो कबूल झाला की अकरा दहाला तो पाच मिनिटं बाहेर गेला होता. दुसऱ्या एका कचेरीतून नोकरीसाठी फोन आला होता आणि तो कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहून बोलत होता. त्याने मला फोनमधली नोंदही दाखवली. पाच मिनिटांत भिंतीपासून खणापर्यंत जाऊन येता येतं का, हे मी चालून बघितलं. फोनवर बोलत बोलत येतं. त्याच्या नावापुढे मी फुली मारली नाही.

उरले कुशनसर. पन्नाशीचे, नेटके, बोलायला मऊ. मला त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाठीला उशी दिली, आणि ती उशी इतकी नेमक्या जागी बसली की मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांच्या आसनांत दोन पुढे आणि दोन मागे तोंड केलेली होती, म्हणजे माणसं समोरासमोर बसतील. दवाखान्यात जाताना माणसाला रस्ता नको असतो, समोर आपलं माणूस हवं असतं, असं ते म्हणाले. नऊ वर्षं त्यांनी त्यावर घालवली होती.

बुधवारी ते गाडीत होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी निघाले, आवाराला फेरी मारून परत आले. नेहमीप्रमाणे अठरा मिनिटं लागली. सबंध वेळ ते फोनवर आपली निरीक्षणं बोलून नोंदवत होते. त्यांनी लगेच फाईलमधून एक पान काढून दिलं. गाडीने स्वतः नोंदवलेलं. अकरा दोनला आसनावर प्रवासी बसला, पट्टा लागला, फेरी संपेपर्यंत पट्टा सुटला नाही.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी गुणी आहे हो. पण टीका सोसत नाही तिला. जरा समजुतीने घ्या, मॅडमना मीही सांगेन."

यंत्राची साक्ष त्यांच्या बाजूने होती. मॅडम काचेच्या खोलीत फोनवर होत्या, त्यांना बोळातून येणाऱ्याजाणाऱ्या चार जणांनी पाहिलं होतं. मिस्त्रीचं यंत्र चालूच होतं, ते बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. उरला पाच मिनिटांचा कानसेन आणि उरली आमची ठमी. दुपारचा एक वाजला होता.

४

ठमी खोक्याच्या पायरीवर बसली होती. तिचा कॉम्प्युटर बुधवारीच बंद करून टाकलेला, तिला बसायला दुसरी जागा नव्हती. मी तिला विचारलं की वही खरंच एकदाही उघडली नाहीस का? तिने नाही म्हणून मान हलवली. सतरा जणांनी काय लिहिलं हे बघावंसंही वाटलं नाही? वाटलं, ती म्हणाली, पण पाळी माझी नव्हती. अकरा ते सव्वाअकरा नेमकं काय करत होतीस? ती म्हणाली, "आत्या, हे तू तिसऱ्यांदा विचारतेयस."

मला वाईट वाटलं. पण मी तिला चौथ्यांदा विचारलं.

त्यानंतर मला तिथे थांबवेना. मी मॅडमना म्हटलं की मला त्या गाडीतून एक फेरी मारायची आहे. कुशनसरांनी अकरा दोनला मारली तशीच.

मी पुढे तोंड केलेल्या आसनावर बसले. पट्टा लावला. गाडी निघाली आणि तीन मिनिटांनी ठमीच्या आवाजात म्हणाली, "पुढे डावं वळण आहे. तुम्ही ठीक आहात ना?"

मी उत्तर दिलं नाही. जिचा चेहरा मी आत्ताच उतरवून आले होते तिच्या आवाजात यंत्र माझी चौकशी करत होतं आणि मला काही ते झेपेना. मी हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. तीन मिनिटांनी गाडीने पुन्हा विचारलं. मी गप्प. आणखी तीन मिनिटांनी तिसऱ्यांदा. मी ढिम्म.

मग आतले दिवे हळूहळू मंद झाले. काचा जरा काळसर झाल्या. वळणं येत राहिली, पण गाडी ती इतकी सावकाश घेऊ लागली की मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. शेवटी पोर्च आला, गाडी थांबली आणि ठमीच्या आवाजात, अगदी हळू, म्हणाली की आपण पोचलो आहोत, सावकाश उठा. दार मात्र उघडेना. मी वाट पाहिली. बाहेर ठमी येऊन उभी होती. तिने बाहेरची कडी ओढून दार उघडलं.

मी घड्याळ बघितलं. एकवीस मिनिटं लागली होती.

ठमीने डोळे पुसत सांगितलं की गाडीने मला झोपलेली समजलं. तीन वेळा विचारून आवाज नाही, हालचाल नाही, म्हणजे प्रवाशाचा डोळा लागला. दवाखान्यातून परतणारी माणसं हमखास झोपतात. त्यांना धक्का बसू नये म्हणून गाडी हळू जाते, आणि झोपेत कुणी दार उघडून पडू नये म्हणून जागं झाल्याची चाहूल लागेपर्यंत दार आतून उघडत नाही. ही सोय तिने मंगळवारी दुपारीच गाडीत घातली होती आणि सगळ्यांना तसं लिहून कळवलं होतं.

"सगळ्यांनी वाचलं?"

"कानसेनने वाचलं. मिस्त्रींना मी तोंडी सांगितलं. कुशनसर माझे कागद वाचत नाहीत."

म्हणजे गाडीची ही नवी सवय ठाऊक नसलेला एकच माणूस होता. मी डायरी उघडली आणि ठमीचं नाव खोडलं. तिला दाखवलं नाही.

५

त्या कचेरीची एक रीत मला सकाळपासून खटकत होती, पण का खटकते ते आता कळलं. प्रत्येक फेरीनंतर गाडी चार जणांच्या कॉम्प्युटरवर चार पानं पाठवते. आसनांचं पान कुशनसरांकडे, बोलण्याचं ठमीकडे, दारांचं मिस्त्रीकडे आणि रस्त्याचं मॅडमकडे जातं. जो तो आपलं पान वाचून फाईलला लावतो. दुसऱ्याचं पान कुणी मागत नाही. मागितलं तर त्याच्या कामावर शंका घेतल्यासारखं होतं. एकाच प्रवाशाचे चार तुकडे चार टेबलांवर पडलेले, आणि ते जोडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ठमीचं पान तर तिच्या बंद केलेल्या कॉम्प्युटरमध्येच अडकलं होतं.

अपघाताच्या दाव्यात आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पोलिसाचा, डॉक्टरचा आणि गॅरेजवाल्याचा कागद शेजारी शेजारी ठेवतो. शंका घेणं हीच माझी नोकरी होती, त्यामुळे मला लाज वाटायचं कारण नव्हतं. मी मॅडमना बुधवारच्या अकरा दोनच्या फेरीची चारही पानं मागितली. ठमीचा कॉम्प्युटर मॅडमनी स्वतः उघडला. तीन वाजता मी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं आणि मिस्त्रीला म्हटलं, येताना काटा घेऊन ये.

"आणि भाऊसाहेबांनाही आण," मी म्हटलं.

६

मी पानं ओळीने मांडली आणि मिनिटाला मिनिट लावून वाचत गेले.

अकरा दोन. आसनाच्या पानावर प्रवासी बसल्याची आणि पट्टा लागल्याची नोंद. अकरा पाच. बोलण्याच्या पानावर गाडीचा प्रश्न, उत्तर नाही. अकरा आठ, पुन्हा तेच. अकरा अकरा, पुन्हा तेच, आणि पुढे शेरा: प्रवासी झोपला आहे. रस्त्याच्या पानावर तिथून पुढे वेग उतरलेला. फेरी संपली अकरा तेवीसला, म्हणजे एकवीस मिनिटांनी.

गाडीचा मायक्रोफोन माणूस काय बोलला ते टिपत नाही, पण आवाज झाला की नाही एवढं टिपतो. त्या सबंध फेरीत एकदाही आवाज झाला नव्हता. मी कुशनसरांना विचारलं, सबंध वेळ निरीक्षणं बोलत होतात ना तुम्ही?

ते कसनुसं हसले. खरं सांगायचं तर डोळा लागला होता, म्हणाले, कामाच्या वेळी झोपलो हे कबूल करायला संकोच वाटला. मॅडमनी सुस्कारा टाकला. कानसेनसुद्धा सैल होऊन खुर्चीत टेकला. माणूस झोपतो, त्यात काय मोठंसं.

मग मी चौथं पान पुढे सरकवलं. दारांचं पान.

"अकरा चोवीस. दार उघडलं, बाहेरच्या कडीने," मी वाचलं. "सर, तुम्ही आत झोपला होतात. मग बाहेरून दार कुणी उघडलं?"

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री साडेअकरापर्यंत कार्यशाळेत होता आणि कानसेन सव्वाअकराला परत येऊन त्याच्याजवळच उभा होता. मॅडम काचेच्या खोलीत होत्या. ठमीकडे बघायला मात्र त्यांना धीर झाला नाही, कारण अकरा तेवीसला तिचा प्रवासी दारात शिरत होता आणि त्याला खोक्यात बसवायला ती बाहेर आली होती.

"बाहेर तुम्हीच होतात," मी म्हटलं. "आत भाऊसाहेब होते."

त्यांनी काय केलं ते सांगायला मला फार वेळ लागला नाही. आसन दाराबाहेर सरकवलं, खुर्चीतल्या पुतळ्याला त्यावर ढकललं, पट्टा लावला आणि गाडी सोडली. मॅडमच्या काचेसमोरून जावंच लागलं नाही, पोर्चच्या दारातून थेट ठमीच्या टेबलाशी. किल्ली डब्यात. वही हातात पडल्यावर अडचण एवढीच की ती फाटकाबाहेर नेता येत नव्हती आणि आत सगळीकडे झडती होणार हे दिसत होतं. म्हणून गाडीची वाट बघत उभे राहिले. ती तीन मिनिटं उशिरा का आली हे त्यांना कळलं नसणार.

मी मॅडमना त्याच बनावटीची कोरी वही मागितली आणि काट्यावर ठेवली. सहाशे दहा ग्रॅम भरली. मिस्त्रीने काट्याकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे, आणि एक अस्सल शिवी हासडली. त्याने पुतळ्याच्या पाठीची चेन ओढली आणि कापसात हात घातला. सकाळपासून उन्हात वाळत घातलेली ती सहाशे ग्रॅमची ओल टेबलावर आली. तिला निळ्या पुठ्ठ्याचं वेष्टण होतं.

वही मॅडमनी तिथेच उभ्याने मोजली. मागे तोंड करून बसल्यावर मळमळलं, घाम फुटला, उलटीसारखं झालं, असं लिहिणारे सतरा. गाडीचं बोलणं नकोसं वाटलेले दोन. गोषवाऱ्यात कुशनसरांनी दुसरं काही केलं नव्हतं, फक्त दोन आकड्यांच्या जागा बदलल्या होत्या.

"सवय झाली असती लोकांना," ते म्हणाले. "नऊ वर्षं, मॅडम. दोनशे गाड्या रस्त्यावर आल्या असत्या तर झाली असती."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. त्यांनी सगळा विचार केला होता. वजनाचा केला, पट्ट्याचा केला, दाराचा केला. त्यांच्या लेखी प्रवासी म्हणजे आसनावरचा भार. त्या भाराला कुणी तीनदा ठीक आहात ना म्हणून विचारेल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

७

चार वाजता मॅडम वही घेऊन आत गेल्या आणि पावणेसहाला बाहेर आल्या. गाड्या होणार होत्या, आसनं मात्र पुढे वळवायची होती. आत त्यांनी गिऱ्हाइकाला बरीच पानं वाचून दाखवली. त्यातलं एक त्यांनी बाहेर येऊन ठमीपुढे धरलं. थरथरत्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: पोटात फार ढवळलं, सांगायची लाज वाटली. पण गाडीने दोनदा विचारलं की ठीक आहात ना. घरी मला हे आता कुणी विचारत नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर ठमीची माफी मागितली. ठमीने ती नीट घेतली. मी मागितली नाही, कारण माझ्याकडून काही राहिलंय हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

फाटक आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मॅडम म्हणाल्या, गाडीतूनच जा. ठमी पुढे तोंड करून बसली आणि मी तिच्यासमोर, मागे तोंड करून. पहिल्याच वळणाला पोटात ढवळायला लागलं, पण मला तिचा चेहरा समोर हवा होता. एवढ्यापुरतं कुशनसरांचं बरोबर होतं.

"आत्या," ती म्हणाली, "तुझ्या यादीत पहिलं नाव माझंच होतं ना?"

"हो."

तिने मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. सकाळपासून मी कचेरीतल्या प्रत्येकाला प्रश्न विचारले होते, तिला तर तेच तेच चारदा. पण जो प्रश्न तिने एका यंत्राला शिकवला होता, दर तीन मिनिटांनी विचारायला लावला होता, तो मी तिला एकदाही विचारला नव्हता. हे कळलं तेव्हा मला माझी लाज वाटली, आणि गाडी तोंड उघडायच्या आत मी घाईघाईने म्हटलं, "ठमे, ठीक आहेस ना?"

ती खिडकीकडे बघत राहिली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत राहिलं. गाडीने तिच्याच आवाजात आम्हाला विचारलं, एकदा, दोनदा, तीनदा. दोघींपैकी कुणालाच बोलता येईना. मग दिवे मंद झाले, काचा काळसर झाल्या आणि गाडी अगदी सांभाळून चालायला लागली.

फाटकाशी पोचल्यावर दार उघडेना. आतून कुणीतरी एक शब्द बोलायला हवा होता. मी वाट पाहिली.

"ठीक आहे," शेवटी ठमी म्हणाली, आणि दार उघडलं.

ते ती गाडीला म्हणाली की मला, हे मला ओळखता आलं नाही. एकतीस वर्षांच्या सवयीने पुढचा प्रश्न जिभेवर आला होता. तो मी विचारला नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही उतरलो.